न्यूट्रिनोचें मोजमाप आणि परमाणुगर्भाचा अडथळा

न्यूट्रिनो या कणाविषयीं जें लिहिलें-बोललें जातें त्यांतील बहुतेक भाग त्याच्या अद्भुत स्वभावाचें वर्णन करण्यांत खर्ची पडतो. त्याला विद्युद्भार नाहीं, त्याचें वस्तुमान नाहींसारखेंच आहे, सबंध पृथ्वीमधून तो सहजगत्या आरपार निघून जातो, या गोष्टी आपण ऐकल्या असतील. आज मला त्या अद्भुतरसाचा परिपोष करावयाचा नाहीं. माझा प्रश्न हिशेबी माणसाचा आहे. जो कण येतांना दिसत नाहीं त्याची ऊर्जा मोजावयाची कशी ? आणि त्या मोजणींत शेंकडा चारपांच अंशांची चूक राहून गेली तर बिघडलें काय ?

बिघडतें तें असें, कीं विश्वांत द्रव्य शिल्लक कां उरलें, या फार मोठ्या कोड्याच्या उलगड्याचा एक मार्ग नेमका त्या चारपांच अंशांपाशीं येऊन अडला आहे. तो कसा, हें सांगण्यासाठींच मी आपला वेळ घेत आहे.

पूर्वेतिहास धांवता सांगतों. १९३० च्या डिसेंबरांत वोल्फगांग पाउली यानें ट्यूबिंगेन येथें जमलेल्या सहकाऱ्यांना पत्र लिहून अशा एका कणाची कल्पना मांडली, आणि तीहि किरणोत्सर्गांतील ऊर्जेचा जमाखर्च जुळेना म्हणून. १९५६ सालीं रीनेस व कोवन यांनीं अमेरिकेंतील एका अणुभट्टीपाशीं त्या कणाच्या अस्तित्वाचा पुरावा मिळविला. १९६५ सालीं कोलारच्या सोन्याच्या खाणींत, जमिनीखालीं दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह वातावरणांत जन्मलेल्या न्यूट्रिनोंची खूण प्रथम नोंदविली. त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंतील खाणींतहि असाच शोध लागला. मुंबईकर श्रोत्यांना या गोष्टीचा अभिमान वाटला तर त्यांत गैर कांहीं नाहीं. पुढें १९९८ सालीं जपानांतील सुपर-कामिओकांदे या ५०,००० टन पाण्याच्या भूमिगत टाकीनें दाखवून दिलें, कीं न्यूट्रिनो वाटेंत आपली जात बदलतात. या कणाच्या तीन जाती आहेत : इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो, म्यूऑन-न्यूट्रिनो व टाऊ-न्यूट्रिनो. एका जातीचा म्हणून निघालेला न्यूट्रिनो चालतां चालतां दुसऱ्या जातीचें रूप घेतो, आणि आणखी पुढें गेल्यावर पुन्हां मूळ रूपावर येतो. या फेरबदलाला दोलन म्हणतात. न्यूट्रिनोला वस्तुमान असल्याशिवाय हें घडणें शक्य नाहीं, म्हणून या शोधाचें महत्त्व फार. २०१५ चें नोबेल पारितोषिक त्यासाठींच काजिता व मॅकडोनल्ड यांना मिळालें.

आतां मुख्य मुद्याकडे येऊं. दोलन किती व्हावें हें मुख्यतः एका भागाकारावर ठरतें : न्यूट्रिनोनें तोडलेलें अंतर भागिलें त्याची ऊर्जा. अंतर आपल्या हातचें असतें. जपानच्या पूर्व किनाऱ्यावरील तोकाई येथें प्रोटॉनांचा झोत ग्रॅफाइटवर आदळवून म्यूऑन-न्यूट्रिनो निर्माण करतात व ते २९५ किलोमीटर दूर असलेल्या सुपर-कामिओकांदेकडे पाठवितात. हें अंतर भूमापनानें हवें तितकें बिनचूक सांगतां येतें. पण भाजकाच्या जागीं बसलेली ऊर्जा ? झोंतांतील सगळे न्यूट्रिनो एकाच ऊर्जेचे नसतात. बहुतेकांची ऊर्जा ६० कोटि इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या आसपास असते हें खरें, तथापि कांहीं त्याहून बरेच मंद व कांहीं बरेच प्रखर असतात. टाकींत येऊन जो एखादा न्यूट्रिनो आदळला तो यांपैकीं कोणता होता, हें त्यानें मागें ठेवलेल्या खुणांवरूनच ताडावें लागतें.

हें ताडणें कसें चालतें याची कल्पना कॅरमच्या खेळावरून येईल. असा पट कल्पा, कीं ज्यावर स्ट्रायकर टक्कर होईपर्यंत अदृश्य असतो आणि टक्कर झाल्यावर दिसूं लागतो. सोंगटी मात्र आधींहि दिसत नाहीं व नंतरहि दिसत नाहीं. टक्कर झाल्यावर स्ट्रायकर किती वेगानें व कोणत्या कोनांत चालला आहे एवढेंच आपल्याला मोजतां येतें. तेवढ्यावरून तो मुळांत किती जोरानें मारला होता हें काढतां येईल काय ? गणित येणारा विद्यार्थी म्हणेल, येईल. मात्र दोन अटी आहेत. सोंगटी स्थिर असली पाहिजे, आणि ती एकटी असली पाहिजे.

म्यूऑन-न्यूट्रिनोच्या बाबतींत हेंच घडतें. पाण्यांतील प्राणवायूच्या परमाणुगर्भांत तो शिरतो, तेथील एका न्यूट्रॉनावर आदळतो, आणि त्याचें रूपांतर म्यूऑनांत होतें. न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतो. म्यूऑनाला विद्युद्भार असल्यामुळें तो पाण्यांतून धांवतांना निळसर प्रकाशाचें कडें उमटवितो, व त्यावरून त्याचा वेग आणि दिशा समजते. प्रोटॉन बहुधा इतका मंद असतो कीं तो पाण्यांत प्रकाश पाडूंच शकत नाहीं. म्हणजे सोंगटी अदृश्यच राहिली. अशा स्थितींत म्यूऑनाच्या ऊर्जेवरून व कोनावरून न्यूट्रिनोची ऊर्जा काढण्याचें एक सोपें सूत्र आहे, आणि वर सांगितलेल्या दोन अटी पाळल्या गेल्या तर तें अचूक आहे.

परंतु परमाणुगर्भ त्या दोन्ही अटी मोडतो.

पहिली अट सोंगटी स्थिर असण्याची. परमाणुगर्भांतील प्रोटॉन व न्यूट्रॉन क्षणभरहि स्वस्थ नसतात. त्या चिमुकल्या जागेंत कोंडल्यामुळें प्रकाशाच्या वेगाच्या सुमारें पाव हिश्शापर्यंतच्या वेगानें ते घिरट्या घालीत असतात. शिवाय ते एकमेकांना बांधलेले असतात, व त्यांतील एकाला उपटून काढावयास ऊर्जा मोजावी लागते. प्राणवायूच्या बाबतींत ही किंमत सुमारें पावणेतीन कोटि इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरतात. साठ कोटींच्या मानानें ही रक्कम क्षुल्लक दिसते. पण तिच्यांत थोडीशी गफलत झाली कीं सगळ्या ऊर्जा एकाच बाजूला सरकतात, आणि न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांतील फरकाचा आंकडा त्यांच्या मागोमाग सरकतो.

दुसरी अट अधिक अवघड. पटावर दोन सोंगट्या एकमेकींना चिकटून असल्या आणि स्ट्रायकरचा मार दोघींनीं वांटून घेतला, तर एकट्या सोंगटीचें सूत्र खोटें उत्तर देईल. परमाणुगर्भांत अशा जोड्या खरोखरच असतात. अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत जेफरसन प्रयोगशाळेंत इलेक्ट्रॉनांचा मारा करून २००८ सालीं दाखविण्यांत आलें, कीं कार्बनच्या गर्भांतील सुमारें शेंकडा वीस कण कोणत्याहि क्षणीं अशा घट्ट जोड्यांत गुंतलेले असतात, आणि या जोड्या बहुतांशीं एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन अशा विजोड असतात. न्यूट्रिनोनें अशा जोडीला धक्का दिला तर दोन्ही कण बाहेर उडतात. आपल्याला दिसतो फक्त म्यूऑन, आणि सूत्रानें काढलेली ऊर्जा खऱ्यापेक्षां बरीच कमी भरते.

याखेरीज तिसरीहि एक फसवणूक आहे. कित्येकदां टकरींतून पायॉन नांवाचा कण जन्मतो. तो गर्भाबाहेर पडला तर आपण सावध होतों, कारण त्या घटनेचा हिशेब निराळा. पण पुष्कळ वेळां हा पायॉन जन्मल्या घरांतच गिळला जातो. बाहेर येतो तो पुन्हां एकटा म्यूऑन, अगदीं साधी टक्कर झाल्यासारखा. चोरीचा माल घरांतच जिरल्यावर पंचनाम्यांत काय सांपडणार ?

या गोष्टी शास्त्रज्ञांना केव्हां पटल्या याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील आर्गॉन व ब्रुकहेवन येथें ड्यूटेरियमनें भरलेल्या बुद्बुद-पात्रांतून न्यूट्रिनोंचे आघात मोजले गेले. ड्यूटेरियमच्या गर्भांत एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन एवढाच संसार, म्हणून तेथें गुंतागुंत थोडी. न्यूट्रॉनाच्या अंगीं असलेल्या एका गुणाचें माप या प्रयोगांतून निघालें. त्याला अक्षीय वस्तुमान म्हणतात, आणि त्याची किंमत १ च्या जवळपास आली. त्याच सुमारास, १९७२ सालीं, स्मिथ व मोनिझ यांनीं जड गर्भांसाठीं एक सोपें चित्र तयार केलें, ज्यांत गर्भांतील कण एखाद्या वायूच्या कणांसारखे परस्परांशीं संबंध न ठेवतां हिंडत असतात. हें चित्र सोयीचें होतें, आणि सोयीच्या गोष्टी जितक्या टिकतात तितकें तें टिकलें. पुढें फर्मी प्रयोगशाळेंत ८०० टन खनिज तेल भरलेल्या मिनीबून या वेधयंत्रानें कार्बनवरील आघात फार मोठ्या संख्येनें मोजले व २०१० सालीं सविस्तर निष्कर्ष छापले. आघातांची संख्या अपेक्षेपेक्षां शेंकडा वीसतीसानें अधिक निघाली, आणि जुन्या चित्रांत ती बसवावयाची तर अक्षीय वस्तुमान १.३५ धरावें लागलें.

न्यूट्रॉन तर तोच. ड्यूटेरियममध्यें त्याचें माप एक आणि कार्बनमध्यें दुसरें, असें कसें होईल ? जो दुकानदार एकाच धान्याचें वजन दोन तराजूंवर दोन दाखवील त्याच्या धान्याची चिकित्सा कोणी करीत बसणार नाहीं, तराजू तपासावयाचा. मार्टिनी, एरिक्सन, शाँफ्रे व मार्तो यांनीं २००९ सालींच सुचविलें होतें, कीं मिनीबूनसारख्या वेधयंत्राला जोडीवरचा मार व एकट्यावरचा मार यांत फरक करतां येत नाहीं. जादा घटना आहेत त्या जोड्यांच्या आहेत. ही उपपत्ति आज सर्वसाधारणपणें मान्य आहे. माझ्या मतें या सबंध प्रकरणांतील अक्षीय वस्तुमान हा नुसता आळ घेतलेला निरपराधी होता.

आपल्यापैकीं चाणाक्ष श्रोते येथें विचारतील : झोत निघतो तेथेंच एक वेधयंत्र बसवून आधीं सर्व कांहीं मोजून घ्यावें, म्हणजे दूरच्या यंत्राशीं तुलना करतांना गर्भाच्या लबाड्या दोन्हीकडे सारख्याच असल्यामुळें परस्पर कटून जातील, नाहीं काय ? ही युक्ति उत्तम आहे आणि ती सर्वत्र वापरतातहि. तोकाईच्या प्रयोगांत झोताच्या उगमापासून २८० मीटरांवर असें जवळचें वेधयंत्र आहे, आणि त्याच्यामुळें अनिश्चितता पुष्कळ कमी झाली. पण कटाकटी पूर्ण होत नाहीं. जवळच्या यंत्रापुढें न्यूट्रिनो येतात ते दोलन होण्यापूर्वींचे, आणि दूरच्या यंत्रापुढें येतात ते दोलनानंतरचे. २९५ किलोमीटर अंतरावर ६० कोटींच्या आसपासचे म्यूऑन-न्यूट्रिनो जवळजवळ सगळे नाहींसे झालेले असतात. त्या ऊर्जेपाशीं आलेखांत एक खोल खड्डा पडतो, आणि तो खड्डा किती खोल आहे हेंच तर मोजावयाचें असतें. आतां १०० कोटींचा न्यूट्रिनो घ्या. अशांपैकीं सुमारें एकतृतीयांश दोलनानंतरहि मूळ रूपांत शिल्लक असतात. त्यांतील एखादा जोडीवर आदळला व सूत्रानें त्याची ऊर्जा ६० कोटि ठरली, कीं तो बिचारा खड्ड्यांत जाऊन पडतो. असे पुष्कळ पडले कीं खड्डा उथळ दिसूं लागतो, आणि आपण म्हणतों कीं दोलन अपूर्ण आहे. जवळच्या यंत्रांत खड्डाच नसल्यामुळें ही भर तेथें गर्दींत लपून जाते. शिवाय जवळ मोजतों ते मुख्यतः म्यूऑन-न्यूट्रिनोंचे आघात आणि दूर शोधतों ते इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंचे. या दोहोंचे आघात किती सारखे असतात हा स्वतंत्र प्रश्न आहे.

येथवर बिघाड एखाद्या आंकड्यापुरता होता. खरा धोका पुढें आहे. विश्वाच्या आरंभीं द्रव्य व प्रतिद्रव्य समसमान निर्माण झालें असेल तर दोहोंनीं परस्परांचा नाश करून टाकावयास हवा होता. आपण आहोंत, त्याअर्थीं कोठें तरी पक्षपात झाला. न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो यांच्या दोलनांत फरक सांपडला तर त्या पक्षपाताचा धागा हातीं येण्याचा संभव आहे. म्हणून तोकाईहून एकदां न्यूट्रिनो व एकदां प्रतिन्यूट्रिनो पाठवितात, व दूर किती इलेक्ट्रॉन-जातीचे पोंचले हें मोजतात. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत न्यूट्रिनोंच्या झोतांतून ९० आणि प्रतिन्यूट्रिनोंच्या झोतांतून १५ घटना मिळाल्याचें नमूद होतें. प्रतिन्यूट्रिनोंचे आघात मुळांतच विरळ असल्यामुळें हे आंकडे सरळ ताडून पाहतां येत नाहींत. पण सगळा हिशेब करतां फरक असावा असा कल दिसला. कल दिसला, सिद्ध झालें नाहीं.

परमाणुगर्भ मात्र या दोघांना मुळींच सारखी वागणूक देत नाहीं. न्यूट्रिनो न्यूट्रॉनावर आदळतो व प्रोटॉन उडवितो. प्रतिन्यूट्रिनो प्रोटॉनावर आदळतो व न्यूट्रॉन उडवितो. न्यूट्रॉनाला विद्युद्भार नसल्यामुळें तो यंत्राच्या हातावर तुरी देऊन निसटतो व आपल्याबरोबर ऊर्जाहि नेतो. आर्गॉनच्या गर्भांत तर १८ प्रोटॉन व २२ न्यूट्रॉन, म्हणजे आरंभींच पक्षपात. या सर्वांचा हिशेब किंचित् चुकला तर गर्भाचा पक्षपात आपण विश्वाच्या पदरांत घालूं, आणि एक अतिशय मोठा शोध लागल्याची आवई उठेल.

आजवर ही भीति फारशी जाणवली नाहीं, याचें कारण घटनाच थोड्या होत्या. ९० घटना मोजल्या तर केवळ योगायोगानें त्यांत नऊदहांचा चढउतार होतो, म्हणजे शेंकडा दहा ; त्यापुढें गर्भामुळें व इतर कारणांनीं येणारी शेंकडा चारपांचची अनिश्चितता खपून जाते. परंतु जपानांत सुमारें २,६०,००० टन पाण्याच्या हायपर-कामिओकांदेची उभारणी चालू आहे, आणि अमेरिकेंत शिकागोजवळून निघणारा झोत १,३०० किलोमीटर दूर साउथ डकोटांतील एका जुन्या सोन्याच्या खाणींत द्रवरूप आर्गॉनच्या प्रचंड हौदांत टिपण्याची डून नांवाची योजना आहे. तेथील मुख्य खोदकाम २०२४ सालीं पुरें झालें. तेथें घटना हजारांनीं मोजल्या जातील. अडीच हजार घटनांत योगायोगाचा चढउतार पन्नासांचा, म्हणजे शेंकडा दोन. मग चारपांच अंशांची अनिश्चितता खपणार कोठें ? एवढा खर्च करून यंत्रें बांधावयाचीं आणि गर्भाच्या अज्ञानामुळें त्यांची धार बोथट ठेवावयाची, असा प्रसंग येईल.

यावर उपाय काय चालले आहेत ? मला सर्वांत आवडलेला उपाय इलेक्ट्रॉनांचा. इलेक्ट्रॉनहि परमाणुगर्भाशीं पुष्कळ अंशीं न्यूट्रिनोसारखाच वागतो, आणि त्याची ऊर्जा आपल्याला आधींच ठाऊक असते, कारण ती आपणच त्याला दिलेली असते. जेफरसन प्रयोगशाळेंत १९९९ सालीं गोळा केलेली माहिती कांहीं शास्त्रज्ञांनीं पुन्हां उघडली, इलेक्ट्रॉनाची ऊर्जा आपल्याला माहीत नाहीं असें सोंग घेतलें, न्यूट्रिनोवाल्यांचीं सूत्रें लाविलीं, आणि उत्तर खऱ्याशीं ताडून पाहिलें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल डोळे उघडणारा होता : साध्यांत साध्या दिसणाऱ्या घटना निवडूनहि निम्म्याहून कमी घटनांत बरोबर ऊर्जा निघाली, आणि लोखंडासारख्या जड गर्भांत व अधिक ऊर्जेला तर स्थिति आणखी वाईट. त्याच प्रयोगशाळेंत आर्गॉनच्या जोडीला टायटॅनियमवरहि मारा करण्यांत आला. टायटॅनियम कशाला, असें आपण विचाराल. इलेक्ट्रॉनाला प्रोटॉन चांगला दिसतो, न्यूट्रॉन नीट दिसत नाहीं ; टायटॅनियमच्या गर्भांत २२ प्रोटॉन आहेत, आणि आर्गॉनमधील २२ न्यूट्रॉनांची मांडणी त्यांच्यासारखीच असावी असें धरतां येतें. इलेक्ट्रॉनांचा उपाय पुरा मात्र नाहीं, कारण न्यूट्रिनोच्या आघाताचा जो अर्धा भाग त्या अक्षीय गुणाशीं निगडित आहे तो इलेक्ट्रॉनाला ठाऊकच नाहीं.

तो भाग मोजण्यास गर्भाचा अडथळाच नसलेलें लक्ष्य हवें, आणि तें म्हणजे हायड्रोजन. त्याच्या गर्भांत एकच प्रोटॉन. अणुभट्टीजवळचे प्रयोग इतके नेटके कां निघतात याचें एक मोठें कारण हेंच आहे. तेथील मंद प्रतिन्यूट्रिनो हायड्रोजनच्या मोकळ्या प्रोटॉनावर आदळतात, आणि तो आघात शेंकडा एकाहून चांगल्या अचूकपणें ज्ञात आहे. चीनमधील जूनो या २०,००० टनांच्या वेधयंत्रानें २०२५ सालीं काम सुरू केल्यावर दोनेक महिन्यांच्या माहितीवर कांहीं राशी पूर्वींच्या सर्व प्रयोगांहून अचूक मोजल्या, त्यांतहि या गोष्टीचा वांटा आहे. झोताच्या प्रयोगांत शुद्ध हायड्रोजन मोठ्या प्रमाणावर वापरणें स्फोटाच्या भयामुळें अवघड ; तरीहि फर्मी प्रयोगशाळेंतील मिनर्व्हा या प्रयोगानें प्लॅस्टिकांत कार्बनबरोबर असलेल्या हायड्रोजनवरचे आघात युक्तीनें वेगळे काढले आणि २०२३ सालीं मोकळ्या प्रोटॉनाचा अक्षीय गुण मोजून दाखविला. गव्हांतून खडे निवडावे तसे नव्हे, खड्यांतून गहूं निवडावे तसें हें काम.

दुसरीकडे, निरनिराळ्या रीतीनें चुकणाऱ्या प्रयोगांची सांगड घालण्याचेंहि चाललें आहे. अमेरिकेंतील नोव्हा या प्रयोगाचा झोत सुमारें २०० कोटि इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा, अंतर ८१० किलोमीटर, लक्ष्य मुख्यतः कार्बन, आणि ऊर्जा काढण्याची रीत म्हणजे बाहेर पडलेल्या सर्व कणांच्या ऊर्जेची बेरीज. तोकाईच्या प्रयोगाची रीत अगदीं निराळी, हें आपण पाहिलेंच. दोघांनीं आपली माहिती एकत्र करून २०२५ सालीं वस्तुमानांच्या वर्गांतील एक फरक शेंकडा दोनहून कमी अनिश्चिततेनें सांगितला. तोकाईच्या जवळच्या वेधयंत्रांतहि एक एक सेंटिमीटरचे सुमारें वीस लक्ष प्लॅस्टिकचे ठोकळे रचलेला नवा भाग बसविला आहे, कीं ज्यामुळें आजवर न दिसणारा तोकडा प्रोटॉन व चुकार न्यूट्रॉनहि नोंदला जावा.

डून व हायपर-कामिओकांदे यांच्यासाठीं योजलेली जवळची वेधयंत्रें मात्र एका जागीं बसणारीं नाहींत. झोताच्या मध्यरेषेपासून जसजसें बाजूला सरकावें तसतशी न्यूट्रिनोंची ऊर्जा कमी होत जाते. डूनचें यंत्र रुळांवर सुमारें तीस मीटरपर्यंत आडवें सरकेल. जपानांतील यंत्र खोल विहिरींत वरखालीं होईल. प्रत्येक ठिकाणीं निराळ्या ऊर्जेचा झोत भेटेल, आणि निरनिराळ्या ठिकाणच्या मोजण्या योग्य प्रमाणांत मिळवून व वजा करून, दूरच्या यंत्रापाशीं पडणाऱ्या खड्ड्यासकट जसा झोत पोंचावयाचा तसाच झोत कागदावर तयार करतां येईल. असें झालें तर गर्भ जी लबाडी दूर करील तीच जवळहि करील, आणि तिचें स्वरूप पुरतें न समजतांहि ती वजा करतां येईल. एवढें झाल्यावर उरतील ते इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो. त्यांचा भरीव झोत अद्याप कोणालाच तयार करतां आलेला नाहीं. म्यूऑन-न्यूट्रिनोंच्या झोतांत त्यांची जी शेंकडा एखादी भेसळ असते तिच्यांतूनच त्यांचे आघात वेंचून मोजण्याचें काम चालू आहे.